थॉमस नेर्न

थॉमस नेर्न (मृत्यू १७१५) : मूळचा स्कॉटिश. दक्षिण कॅरोलायनातील सेंट हेलेना बेटावरचा मळेवाला आणि वसाहतीच्या विधिमंडळाचा सदस्य. मूलनिवासी यमासी लोकांची गावे तिथून जवळच होती. हरणांची कातडी आणि युद्धात पकडलेली माणसे हा त्या काळचा मुख्य व्यापार. गोरे व्यापारी उधारीवर माल देत आणि कर्ज थकले की कुळाची बायकामुले गुलाम म्हणून उचलून नेत. याला आळा घालणारा कायदा १७०७ मध्ये झाला. त्याखाली मूलनिवासींशी चालणाऱ्या व्यापारावर देखरेख करणारा पहिला एजंट नेर्न. त्याने गव्हर्नर नॅथॅनिएल जॉन्सन यांच्या जावयावरच आरोप ठेवले. पुढच्याच वर्षी गव्हर्नरने त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले. लंडनच्या मंत्र्याला नकाशासह पाठवलेले त्याचे निवेदन याच काळातले. १७१२ मध्ये तो पुन्हा एजंट झाला.

काही लेखक त्याला मूलनिवासींचा कैवारी म्हणतात. ते पटत नाही. स्पॅनिश फ्लोरिडातून गुलाम पकडून आणणाऱ्या स्वाऱ्यांत तो स्वतः यमासींबरोबर गेला होता. व्यापाऱ्यांची मनमानी त्याला खुपली, गुलामगिरी नव्हे.

एप्रिल १७१५ मध्ये यमासींशी बोलणी करण्यासाठी तो त्यांच्या पोकोटालिगो गावी गेला. रात्री पाहुणचार झाला, सकाळी यमासींनी हल्ला चढवला. त्याला आगीने हाल हाल करून मारले. यमासी युद्धाला तोंड फुटले ते इथेच.