मुरुडच्या खळ्यावर उजेडाचं माप

पायातल्या चपला काढा. मोबाईल इथंच, लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या आडतीवर, इलेक्ट्रॉनिक काट्याशेजारी ठेवा. काट्यावर ज्वारीचं पोतं आहे आणि लाल आकडे अजून शेवटच्या घरात मागं-पुढं होतायत. त्या आकड्यांकडं बघत राहा. आता पापणी मिटा.

उघडलीत? काटा गेला. पायाखाली थंडगार धूळ आहे, नाकात गोवऱ्यांचा धूर. अंधारातून लांबवर एक बारीक शिट्टी येते. बार्शी लाईटची गाडी लातूरकडं निघाली आहे, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, घाई नसलेल्या माणसासारखी. साल विचारत बसू नका. कनवटीला हात लावा. तिथं निजामाचा हाली रुपया लागतो आहे ना? मग झालं, तुम्ही बरोबर पोचलात.

करकर ऐकू येते तिकडं चला. मोटेचं चाक आहे ते. बैलं धावेवरून खाली उतरतात, नाडा ताणला जातो आणि विहिरीच्या पोटातून चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात भसकन रिकामी होते. गार शिंतोडे तोंडावर उडतात. ओल्या चामड्याचा, शेणाचा आणि भिजल्या मातीचा एकत्र वास. पाणी पाटात शिरतं आणि पळायला लागतं.

"पाव्हणं, नुसतं बघायलाव व्हय? धरा की दारं!"

खोरं तुमच्या हातात आलंसुद्धा. कांद्याचे दोन वाफे आहेत, पाणी दोन्हींत निम्मं-निम्मं गेलं पाहिजे. सोपं वाटतंय? चिखल इकडं ओढला की तिकडं धार फुगते. तिकडं ओढला की इकडचं कोरडं. घोट्यापर्यंत रुतलेले पाय बधिर झालेत, हातांना फोड यायला लागलेत, आणि तेवढ्यात बांधातल्या उंदराच्या बिळातून पाणी गपकन भलतीकडं. पंजानं चिखल थापा! आणखी थापा! हाक मारणारी बाई हसते, पण हात तुमच्याआधी बिळावर तिचाच पोचलेला असतो. रोजचं आहे हे तिचं. पाटातलं किती पाणी वाटेत मुरतं हे तिला डोळे मिटून सांगता येतं.

हे पाणी आणि हे बीळ ध्यानात ठेवा. नखाएवढ्या काचेसारख्या चकतीवर हेच काम पुन्हा बघायचं आहे.

ऊन चढलं. आता बाजार. गर्दीत शिरायच्या आधीच शिंका सुरू होतात, कारण मिरच्यांची रास वाऱ्याच्या तोंडावर आहे. गूळ वितळतो आहे, त्यावर माश्या. करडीच्या तेलाचा जड वास घशात बसतो. मराठी, उर्दू, मधूनच कन्नड, आणि सगळ्यांच्या वर बैलांच्या घुंगरांचा आवाज. धान्याच्या ओळीत मापं मांडली आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत बघत या. दोन निळव्यांचं एक कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीवर बरोबर दुप्पट, उलट गेलं की निम्मं. शाळेत न गेलेली आजी हा हिशेब बोटंसुद्धा न मोडता करते. मला विचाराल तर आपल्या मुलखातली ही सगळ्यात देखणी मोजणी आहे.

सोनाराच्या ओट्यावर मात्र गर्दीचा आवाज एकदम खाली येतो. लाल, काळ्या ठिपक्याच्या गुंजा वाटीत आहेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. छोटा तराजू तो बोटांनी उचलतो आणि श्वास रोखतो. तुम्हीही रोखा. तुमच्या उच्छ्वासानंसुद्धा पारडं हलतं. गंमत करायची? एक गुंज जरा जोरात टाका. पारडं खाली, वर, खाली... सोनार रागानं बघतो. ज्यानं मोजायचं, त्याच्याच धक्क्यानं काटा डळमळला. ही चूक लहान नाही. जगातल्या सगळ्यात नाजूक तराजूलाही ती छळते आहे.

सांज होते. शेवटचा मुक्काम खळं. कणसांची मळणी झाली आहे. तिवड्याभोवती फिरून थकलेली बैलं बाजूला रवंथ करतायत. वावडीवर उभा गडी सुपातून धान्य सोडतो आहे, वारा भुसा उडवून नेतो. तो भुसा तुमच्या मानेत, कानात, पापण्यांत. अंग खाजतं. जिभेवर धुळीची चव. राशीजवळ जाताना पायात काही नको, म्हणून तर चपला मघाशीच काढायला लावल्या. कंदील लागला. मापारी बसला आणि बोलणी थांबली.

"लाभ... लाभ... लाभ..."

पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. दुसरं माप भरेपर्यंत 'लाभ'च चालतं. मग "दोन... दोन..." तोच संथ सूर. ज्वारीचा झर्रर आवाज. अधोलीवर शीग चढते, चार दाणे कडेनं घरंगळतात. तिकडं बलुतेदार आपापल्या वाट्याकडं डोळे लावून बसलेत. दाणा इकडचा तिकडं झाला तर वर्षभराच्या भाकरीत फरक पडतो, म्हणून इथं कुणी हसत नाही.

तुम्ही हात पुढं करा. सुपातून पडणाऱ्या धारेखाली धरा. दाणे तळहातावर टपटप आपटतात. धार एकसारखी दिसते, पण हाताला ती एकसारखी लागत नाही. एका श्वासात जास्त, पुढच्यात कमी. दाणे आपल्या मर्जीनं, एकमेकांना न विचारता पडत असतील, तर सरासरी १०० दाण्यांमागं दहाएकांचा मागं-पुढं फरक ठरलेला. १०,००० दाण्यांमागं शंभरेकांचा. म्हणजे माप दहापट नेमकं हवं तर धान्य शंभरपट ओतावं लागतं. यात मापाऱ्याचा हात वाईट नाही. धान्य दाण्यादाण्यानंच पडतं, अर्धा दाणा पडत नाही.

आता कंदिलाकडं बघा. त्याचा पिवळा उजेड राशीवर सांडलेला आहे. तोही दाण्यादाण्यानं पडतो आहे. फोटॉन म्हणतात त्या दाण्याला. खळ्यावर हे कुणाला सांगू नका, मापाऱ्याचा आकडा चुकेल. फक्त क्षणभर माझ्याबरोबर तुमच्या काळात उडी मारा. इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. लायगो-इंडियाची वेधशाळा तिथं उभी राहते आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली.

तिची मांडणी तुम्हाला नवी वाटणार नाही. लेसरचा एक झोत घ्यायचा, अर्धवट आरशानं निम्मा-निम्मा करायचा, जशी शेराची दोन मापटी. दोन्ही भाग काटकोनात चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांत सोडायचे, टोकाच्या आरशांवरून परत आणून एकत्र करायचे. लांबवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लाट येते. एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि परत आलेले झोत एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लाट पहिल्यांदा पकडली. किती फरक मोजायचा? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाएवढा.

आणि तिथं तुमच्या तळहातावरची टपटप आडवी येते. उजेडाचे दाणे कमी-जास्त पडतात, बारीक फरक त्या गोंगाटात बुडतो. मग उजेड वाढवा? वाढवला की दाण्यांच्या माऱ्यानं आरसा हलतो. सोनाराचं पारडं आठवलं ना?

वाट भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्हज यांनी १९८१ साली दाखवली. उजेडातली अनिश्चितता अर्धवट भरलेल्या पोत्यासारखी असते. तिला नाहीशी करता येत नाही, पण एका बाजूनं दाबलं की ती दुसऱ्या बाजूनं फुगते. मग जी बाजू मोजायची तिथं दाबा, जी नको तिथं फुगू द्या. असा दाबलेला उजेड करायची एक रीत बाजारातल्या मापांसारखीच आहे. हिरव्या उजेडाचा एक दाणा स्फटिकात जातो आणि निम्म्या-निम्म्या ऊर्जेचे दोन जुळे दाणे होऊन बाहेर पडतो. जुळे जोडीनं चालतात, म्हणून धार खळ्यावरच्या धारेसारखी बेभरवशाची राहत नाही. २०१९ पासून अमेरिकेतल्या लायगोत हा उजेड रोजच्या कामाला आहे.

पण पाटाला बीळ पडलं तर? जुळ्यांतला एक वाटेत मुरला की जोडी फुटते, पुन्हा तीच टपटप. म्हणून आता हे सगळं चिपवर आणायची धडपड आहे. केसाहून बारीक वाटा कोरायच्या, त्यांतून उजेड खेळवायचा, दारं धरून निम्मा-निम्मा वाटायचा आणि वाटेत काही मुरू द्यायचं नाही. अशाच वाटांच्या जाळ्यात दाबलेल्या उजेडाचे झोत भेटवून, शेवटी दाणे मोजून गणितंही करता येतात. टोरोंटोच्या झानाडू कंपनीनं २०२५ मध्ये दाखवलेल्या अरोरा यंत्रात अशा ३५ चिपा आणि १३ किलोमीटर प्रकाशतंतू आहेत. आपल्याकडं राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये अतिसूक्ष्म मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडं आहे. या सगळ्यांची सगळ्यात मोठी अडचण मात्र अजून तीच, उंदराचं बीळ. कांद्याच्या वाफ्यावरची ती बाई तिथं उभी असती, तर पहिल्या दिवशी कामाला लागली असती.

चला, परत खळ्यावर. माप संपत आलं आहे. कंदिलाची काच काजळली आहे. कुणीतरी तुमच्या ओंजळीत गरम ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवतं. ठेच्यानं डोळ्यांत पाणी येतं आणि सुटलेल्या वाऱ्यात भुसा पुन्हा मानेत शिरतो. मापारी शेवटची अधोली राशीतून उचलतो, तळहातानं शीग सावरतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो. ऐकणारे मनातल्या मनात पडताळतात, मान हलवतात. लांब पुन्हा ती बारीक शिट्टी. पापणी मिटा.

आडतीवर लाल आकडे स्थिर झालेत. तुमचा मोबाईल जागेवर आहे. मानेत अजून खाजतंय, त्याला इलाज नाही.

गावाकडच्या घरात, माळ्यावर किंवा कोठीच्या कोपऱ्यात, एखादं मापटं, चिपटं नाहीतर अधोली अजून पडलेली असेल. ती भंगारात देऊ नका. खाली काढा, पुसा, ज्वारीनं भरा आणि घरातल्या पोरांना दाणे मोजायला बसवा. दुसऱ्यांदा भरून पुन्हा मोजायला लावा. दोन्ही आकडे त्यांच्याच हातानं भिंतीवर लिहून घ्या.