देवबागचा माणूस परमुलखीं

मागल्या गणेशचतुर्थीच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. राहणारा देवबागचा, मालवणहून मासळीचा टेम्पो हांकतो. कच्छांत गांधीधाम येथें एका मालकाकडे अवजड मालमोटारीवर ड्रायव्हरची जागा मिळत होती. "गुरुजी, जाऊं कीं नको?" एवढाच त्याचा प्रश्न. मीं जन्मभर इतिहास शिकविला. मोटार कधीं हांकली नाहीं. परंतु हा प्रश्न देवबागच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे, आणि पूर्वीं त्याचें उत्तर कशाच्या बळावर दिलें जाई तें मला ठाऊक होतें. तेंच त्यास सांगितलें, आणि आज आपणांसही सांगतों.

देवबाग म्हणजे पश्चिमेस समुद्र व पूर्वेस कर्लीची खाडी यांमधली वाळूची निरुंद पट्टी. माड आहेत, रापण आहे. पण भातशेतीस जागा ती किती असणार? शिवाय पावसाळ्यांत समुद्र किनारा पोखरतो. तेव्हां घरांतील एक हात बाहेर मिळवीत असावा हें तेथील जुनें गणित. मुंबईस पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालीं झाली, आणि या गणितास मोठी वाट मिळाली. १८८१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. त्यांपैकीं सुमारें १,२५,००० माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. मालवण तालुका त्या वेळीं त्याच जिल्ह्यांत. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ सालीं.

हे लोक गेले ते आगबोटीनें. मालवणच्या बंदराबाहेर बोट उभी राही आणि पडावांतून उतारू तिच्यापर्यंत नेत. पावसाळ्यांत हा मार्ग बंद. मग ज्यास यावेंच लागे त्यानें रेल्वेनें कोल्हापूर गांठावें (ती तेथें १८९१ सालीं पोंचली) आणि घाट उतरावा. इतकी अडचण असूनही गेलेला माणूस तुटत नसे, याचें कारण मुंबईंत त्याच्या आधीं त्याचा गांव पोंचलेला असे. गिरणगांवांत गांवकऱ्यांची म्हणून एक खोली असे. दिवसपाळीचा उठला कीं रातपाळीचा त्याच जागीं पथारी टाकी. जेवण खानावळवालीकडे, आणि तेंही पगार होईपर्यंत उधार. नव्या पोरास गिरणीच्या दारापर्यंत नेणारा गांवचाच, आजारी पडल्यास बोटींत बसवून देणाराही गांवचाच. पोस्टानें मनीऑर्डरची सोय १८८० सालीं केली, तेव्हांपासून घरची वाट पैशांनाही सुलभ झाली. पोस्टमन अंगणांत आला म्हणजे आमच्याकडे घरचीं माणसें कशीं उठून उभीं राहत, तें मीं लहानपणीं पाहिलें आहे.

ती व्यवस्थाही अक्षय्य नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले आणि पुष्कळांचा रोजगार कायमचा गेला. त्या वेळीं कोंकणांतील अनेकांनी गांवची वाट धरली. त्यांस धरतां आली, कारण मागें घर उभें होतें, कुणी तें शाकारीत होतें.

आतां मालमोटारीचा विचार करा. गांधीधाम हें गांवच मुळीं परमुलखीं आलेल्यांसाठीं वसलें. १९४७ त कराची पाकिस्तानांत गेली, तिकडून आलेल्या सिंधी निर्वासितांकरितां हें शहर उभें राहिलें आणि शेजारचें कांडला १९५५ सालीं मोठें बंदर म्हणून जाहीर झालें. तेथें माल आहे, काम आहे, यांत शंका नाहीं. परंतु देवबागपासून तें सुमारें १,३०० किलोमीटर दूर, आणि ड्रायव्हरचा मुक्काम तेथेंही नाहींच. त्याची खोली म्हणजे केबिन, शेजारी म्हणजे क्लीनर. १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा २०२५ पर्यंत सामान्यतः दिवसास ८ तास आणि आठवड्यास ४८ तास सांगत असे. पण जेथें फेरीमागें पैसे मिळतात, तेथें तास मोजणार कोण? बंदराच्या फाटकाशीं दोन दिवस रांगेंत गेले तर फेरी नाहीं, म्हणजे पैसाही नाहीं. १९८८ च्या कायद्यानें वाहन हांकण्याचा परवाना भारतभर चालतो. माणूसही तसाच कोठेंही चालेल अशी मालकांची समजूत दिसते.

त्याच्या घरीं वृद्ध आई, पत्नी आणि लहान मुलगा. घर समुद्रापासून फार दूर नाहीं. टेम्पोवर मिळतें त्याच्या दुप्पट पैसे गांधीधामचा मालक देऊं करीत होता, आणि कर्ज आहे हेंही त्यानें लपविलें नाहीं. 'जाऊं नको' असें म्हणण्याचें धाडस मला झालें नाहीं. माझ्या निवृत्तिवेतनांतून त्याचा हप्ता फिटणार नव्हता. मीं त्यास एक कागद दिला आणि मालकास विचारावयाचे प्रश्न लिहून घ्यावयास लावले. रिकाम्या दिवसांचा भत्ता काय? गाडी वाटेंत मोडली तर खोळंब्याचा खर्च कोणाचा? आपल्या बाजूचा कोणी तेथें आधीं आहे काय, आणि असल्यास त्याच्याशीं बोलतां येईल काय? शेवटला प्रश्न त्यानें स्वतः घातला: ज्येष्ठ आणि आषाढ हे दोन महिने घरीं येऊं द्याल काय?

पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आलीं, आणि तीं वाईट नव्हतीं. शेवटल्याचें अद्याप आलेलें नाहीं. तोंवर तो मासळीचा टेम्पोच हांकतो आहे. परवां भेटला तेव्हां घरामागें दगड टाकण्यासाठीं गाडी कोठें मिळेल याची चौकशी करीत होता.