माँटेव्हर्डेचें मेघारण्य

कोस्टारिका देशाच्या वायव्य भागांत तिलारान नांवाची डोंगररांग आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे तिच्या उतारावर आदळून वर चढतात, थंड होतात, आणि त्यांतील बाष्पाचे ढग माथ्यावरच्या झाडांतून वाहूं लागतात. आषाढांत महाबळेश्वरीं ज्यांनीं ढगांतून वाट शोधली आहे, त्यांस या देखाव्याची कल्पना सहज येईल. मात्र तेथें हा प्रकार वर्षांतील बहुतेक काळ चालतो. पाऊस नसतांहि फांद्यांवरचें शेवाळ, नेचे व ऑर्किडें ढगांतील पाणी टिपून घेतात, आणि तें थेंबाथेंबानें ओढ्यांस मिळतें. हेंच मेघारण्य.

या डोंगरावर इ. स. १९५१ मध्यें अमेरिकेच्या अलाबामा राज्यांतून क्वेकर पंथाचीं कांहीं कुटुंबें येऊन राहिलीं. युद्धांत भाग घेणें या पंथास निषिद्ध. त्यांच्यापैकीं चार तरुणांनीं लष्करभरतीसाठीं नांव नोंदविण्यास नकार देऊन कारावास पत्करला होता. कोस्टारिकानें तर १९४८ मध्यें आपलें सैन्यच मोडून टाकलें होतें. क्वेकरांनीं सुमारें १,४०० हेक्टर जमीन घेतली, वसाहतीस माँटेव्हर्डे म्हणजे 'हिरवा डोंगर' असें नांव दिलें, जंगल तोडून कुरणें केलीं आणि चीजचा कारखाना काढला. हे लोक अरण्याचे उपासक नव्हते. स्तुतिपर लिखाणांत ही गोष्ट बहुधा विसरली जाते. परंतु ओढ्यांच्या उगमाकडचें सुमारें ५५० हेक्टर रान त्यांनीं राखलें, कारण पाण्यावांचून गाई जगणार नाहींत हें त्यांस कळत होतें.

देशांत त्या काळीं वारा उलटा होता. जमीन मोकळी करणें म्हणजे ती सुधारणें, असा समज कायद्यांतहि होता. जो झाड पाडी त्याचा हक्क पक्का होई. त्यांत अमेरिकेंत गोमांसास गिऱ्हाईक मिळालें. १९७२ मध्यें जॉर्ज व हॅरिएट पॉवेल या दांपत्यानें माथ्यावरची जमीन राखीव करण्याची खटपट आरंभिली. क्वेकरांचें रानहि पुढें त्यास जोडलें गेलें. १९८७ मध्यें स्वीडनमधील एका खेड्यांतल्या शाळेच्या मुलांनीं पैसे जमवून थोडी जमीन विकत घेतली, आणि त्यांतून पुढें वीस हजार हेक्टरांहून मोठें 'मुलांचें अरण्य' उभें राहिलें.

याच माथ्यावर एक भेक राहत असे. जगांत अन्यत्र कोठेंहि नाहीं, येथेंहि अवघ्या कांहीं चौरस किलोमीटरांत. नर झगझगीत नारिंगी. १९६६ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या सॅव्हेज या शास्त्रज्ञास, कोणी त्यास रंगाच्या डब्यांत बुचकळलें तर नाहीं ना, अशी शंका प्रथम आली होती. वर्षभर हा प्राणी दडून राही, आणि पावसाच्या आरंभीं कांहीं दिवस डबक्यांवर जमे. १९८७ मध्यें मार्था क्रंप या संशोधिकेनें दीड हजारांहून अधिक भेक पाहिले. पण डबकीं लवकर आटलीं व बहुतेक अंडीं वाळून गेलीं. १९८८ मध्यें साऱ्या टापूंत दहा दिसले. १९८९ च्या मे महिन्यांत एक नर दिसला. त्यानंतर एकहि नाहीं. २००४ मध्यें ही जाति नष्ट झाल्याचें जाहीर झालें. त्या टापूंत कुऱ्हाड मात्र चालली नव्हती.

मग झालें काय? बेडकांच्या कातडीवर वाढणारी, अनेक देशांत त्यांचा संहार करणारी एक बुरशी, हा एक आरोपी. १९८६–८७ च्या एल निनोचा कोरडा काळ, हा दुसरा. पण १९९९ मध्यें अॅलन पाउंड्स व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कोरड्या ऋतूंतील धुक्याविना जाणारे दिवस वाढत होते. ढग उंच चढले असावेत, असा त्यांचा तर्क. खालच्या रानांतील टूकन पक्षी वर येऊन घरटीं करूं लागले होते. २००१ मध्यें रॉबर्ट लॉटन व सहकाऱ्यांनीं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून डोंगरापलीकडे बोट दाखविलें. वाऱ्याच्या वाटेवर तेथें विस्तीर्ण मैदान आहे. त्याच्या वृक्षहीन भागावर कोरड्या ऋतूंत ढग कमी बनत. शेजारच्या निकाराग्वांतील उभ्या अरण्यावर ते पुष्कळ बनत. झाडें पानांतून जें बाष्प सोडतात, तें वाऱ्याबरोबर डोंगराकडे जातें. कुरणाकडून वाऱ्यास तें फारसें मिळत नाहीं. या कारणांपैकीं कोणाचा वांटा किती, यावर शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं.

१९९६ च्या कायद्यान्वयें कोस्टारिकाचें सरकार इंधनावरील करांतून अरण्य राखणाऱ्या जमीनमालकांस पैसे देऊं लागलें, आणि देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हां झाडांखालीं आला आहे. पूर्वेच्या मैदानांत मात्र केळीं व अननस पिकतात, आणि त्यांच्या उत्पन्नापुढें ती रक्कम थोडीच ठरते.