लोकवाङ्मयाचा वारसा आणि आपली चळवळ



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आहे, तिच्यात आम्हीही काही लिहावं असा मंडळाचा आग्रह पडला. आम्ही पंडित नव्हे. जिनिंगमध्ये पाळी करून, रात्री जमेल तसं वाचून जे पदरात पडलं तेवढंच आमच्याजवळ आहे. विषय घेतला आहे लोकवाङ्मयाचा. म्हणजे जात्यावरच्या ओव्या, पोवाडे, तमाशाचे वग, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. ज्याचा कर्ता कुणाला ठाऊक नाही, पण जे पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत आलं. काही तरुण मंडळी म्हणतात, ते सगळं गुलामीच्या काळातलं, त्याचं आता काय करायचं? प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. आपलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली तिथे उत्खनन झालं. सातवाहन काळातलं भरभराटीचं शहर उजेडात आलं. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती दूर इटलीत, ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपे शहरात सापडलेली आहे. एवढा दूरवर या गावाचा संबंध! पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या मातीतल्या माणसांनी सांचीला दान दिलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आता त्याच स्तूपाच्या तोरणांवर काय कोरलं आहे ते पाहा. छद्दंत हत्ती, आपल्या पाठीचा पूल करून कळपाला वाचवणारा महाकपी, सर्वस्व देऊन टाकणारा वेस्संतर. या जातककथा. पाली ग्रंथात त्या ५४७ आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मुळात लोकांच्याच गोष्टी. भगवान बुद्धांनी लोकांच्या भाषेत उपदेश केला. त्यांच्या संघाने लोकांच्या गोष्टीही उचलल्या आणि त्यांत करुणा, दान, शील भरलं. मगरीला काळीज झाडावर राहिलं म्हणून फसवणारं माकड, काठीला धरून उडताना तोंड उघडून पडणारं कासव, या गोष्टी आपण शाळेत पंचतंत्रातल्या म्हणून शिकलो. त्या जातकांतही आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवर याच जातककथा रंगवल्या आहेत, आणि अजिंठा भोकरदनहून काही लांब नाही. पुढे दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातकं मराठीत आणली. ज्यांना वाचता येतं त्यांनी ती जरूर वाचावीत. सांगायचा मुद्दा असा, की लोककथा हे भांडं आहे. त्यात काय भरायचं ते माणसाने ठरवायचं.

या भांड्यात विषही भरलं गेलं, हे विसरून चालणार नाही. मरीआईचा गाडा, पोतराजाचा आसूड, देवाला सोडलेल्या मुरळ्या-जोगतिणी, ही सगळी लोकसंस्कृतीच होती. तिनेच आपल्या माणसांना सांगितलं की येसकरकी आणि गावकीची भाकर हे तुमचं नशीब आहे. तमाशा आपल्या पूर्वास्पृश्य जातींनी जगवला. पण फड गाजवणाऱ्या माणसाला गावात पाणी वरूनच वाढत होते. कलेला टाळ्या आणि कलावंताला विटाळ!

हे भांडं उलटं करून पहिल्यांदा तपासलं महात्मा जोतीराव फुल्यांनी. दिवाळीत ओवाळताना आयाबाया इडापीडा टळून बळीचं राज्य येवो असं म्हणतात. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्या बळीराजाला शेतकरी-कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. पुराणात पाताळात घातलेला राजा बायांच्या तोंडी जिवंत राहिला होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुढे तमाशाचाच साचा घेऊन जलसे काढले.

आंबेडकरी जलसा हा त्याचाच पुढचा टप्पा. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० नंतरच्या काळात गावोगाव जलसे केले. गण होता, पण त्यातला गणपती गेला. बतावणी होती, वग होता, पण विषय होते शिक्षण, दारूबंदी, मेलेलं ढोर न ओढणं, मंदिरप्रवेश. पट्ठे बापूरावांची एक हकीकत चळवळीत सांगितली जाते. त्यांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, कारण तो पैसा आपल्या समाजातल्या बाईला नाचवून मिळवलेला होता. बाबासाहेब कलेच्या विरोधात नव्हते. जलशांना त्यांचं प्रोत्साहनच होतं. कलेसाठी आपल्या लेकीबाळींची अब्रू खर्ची घालायला त्यांचा विरोध होता.

आमच्या घरातलं एक उदाहरण सांगतो. आमचे आजोबा जत्रेतल्या फडात झीलकरी होते, तुणतुणं वाजवत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. तिचं वारं आमच्या गावी पोचलं तेव्हा आजोबांनी देवघरातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. पण तुणतुणं आढ्याला टांगून ठेवलं. भावकीतले म्हणाले, हेही टाका, हे त्याच घाणीतलं. आजोबांनी ऐकलं नाही. पुढे भीमजयंतीला वस्तीत गायनपार्टी उभी राहिली, तेव्हा तेच तुणतुणं खाली उतरलं. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरं शिकले आणि खेडोपाडी गात फिरले. त्यांची गाणी आमच्या वस्तीत याच तुणतुण्यावर म्हटली गेली. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात आपली घरं जळाली. तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत माणसांना उभं ठेवण्यात अशा गाण्यांचा वाटा मोठा होता.

साहित्यातही हेच दिसतं. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचं लोकनाट्य केलं, आणि लोकांच्या तोंडी असलेल्या वीराची कथा 'फकिरा' (१९५९) कादंबरीत आणून ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. करमणुकीच्या धंद्यानेही लोककला भरपूर वापरली. 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२) हे सिनेमे, 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५), 'घाशीराम कोतवाल' (१९७२) ही नाटकं गाजली. चांगलीच होती. पण ज्यांच्या अंगणात ही कला वाढली त्यांच्या वाट्याला काय आलं, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

सर्वांत मोठा ठेवा मात्र बायांचा आहे. जात्यावर विठ्ठल गाणाऱ्या आपल्या आज्या-माया त्याच चालीत भीमराव आणि रमाई गाऊ लागल्या. कुणी शिकवलं नाही, कुणी सभा घेतली नाही. बाबासाहेब त्यांच्या ओवीत भाऊ झाले, बाप झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावला, १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या बायांच्या आवाजात मुद्रित झाल्या. माजलगावला झालं ते आपल्या वस्तीत का झालं नाही?

दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच आहे. आमच्या मायला दोन-अडीचशे ओव्या तोंडपाठ होत्या. घरात टेपरेकॉर्डर होता, पुढे मोबाईलही आला. आम्ही त्यावर बाजारातली गाणी ऐकत बसलो. माय गेली. आज त्यातल्या दहासुद्धा आम्हाला धड म्हणता येत नाहीत. सभेत वारसा वारसा म्हणून भाषणं ठोकणारे आम्ही, आणि वारसा आमच्याच चुलीपुढे बसलेला होता.

तेव्हा एकच विनंती. जयंतीला डीजेवर किती खर्च करायचा ते मंडळाने ठरवावं. पण येत्या वर्षावासात दर रविवारी विहारात ग्रंथवाचन झालं की अर्धा तास वस्तीतल्या म्हाताऱ्या आयांना द्यावा. त्यांनी म्हणावं, पोरापोरींनी मोबाईलमध्ये भरून घ्यावं आणि वहीत उतरवावं. खाली त्या माउलीचं नाव आणि माहेरचं गाव लिहावं. भोगवर्धनच्या माणसांची नावं दगडावर कोरली म्हणून दोन हजार वर्षं टिकली. आपल्या आयांची नावं निदान वहीत तरी राहू द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!