मुंबईमार्गे सिडने : पॅडी हॉपकर्क

सियालदह परिसरात माझी निम्मी हयात गेली. स्टेशनबाहेरच्या पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सींची रांग इथल्या प्रत्येक मराठी माणसाला आठवत असेल. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये २०१४ पर्यंत बनलेली ही गाडी मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मॉरिस आणि ऑस्टिन १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाले. त्याच कंपनीच्या गाड्या जगभर गाजवणारा आणि शर्यतीत आपल्या मुंबईला येऊन गेलेला चालक म्हणजे पॅडी हॉपकर्क. वाचकहो, त्याचीच ही थोडक्यात ओळख.

जन्म १४ एप्रिल १९३३, बेलफास्ट. एका धर्मगुरूंकडून मिळालेली अपंगांची गाडी नऊ वर्षांचा पॅडी चालवू लागला. १९६३ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याने एमजीबी गाडीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. १९६४ च्या जानेवारीत हेन्री लिडन या साथीदारासह त्याने मॉंटे कार्लो रॅली जिंकली. गाडी होती चिमुकली मिनी कूपर, इंजिन अवघे १०७१ सीसी! बलाढ्य गाड्या मागे पडल्या आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी अभिनंदनाची तार केली.

पण मला जास्त मोलाची वाटते ती त्याची हरलेली शर्यत. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनेला निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करीत ७२ गाड्या मुंबईला पोहोचल्या. तेथून 'चुसान' जहाजाने त्या ऑस्ट्रेलियात उतरल्या. हॉपकर्क ऑस्टिन १८०० चालवत होता, सोबत टोनी नॅश आणि ॲलेक पूल.

सिडने जेमतेम दीडशे किलोमीटरवर आले असताना आघाडीवरच्या लुसियाँ बियांकीच्या सित्रोएनला समोरून येणारी मोटार धडकली. हॉपकर्कची गाडी तिथे सर्वांत आधी पोहोचली. तो थांबला, आग विझवायला आणि जखमींना मदत करायला लागला. मागून आलेल्या अँड्र्यू कोवनला 'सर्व ठीक आहे, पुढे जा' असा इशारा मिळाला. कोवन पहिला आला आणि १०,००० पौंडांचे बक्षीस त्याने नेले, हॉपकर्क दुसरा.

खरे तर थांबल्यामुळे हॉपकर्कला दंडाचे गुण पडले नाहीत; गुणांमध्ये कोवन आधीच पुढे होता. म्हणून त्याची कृती लहान ठरते का? मला तसे वाटत नाही. पेटलेल्या गाडीपुढे उभे राहून गुणांचा हिशेब कोण करतो? बियांकी वाचला, पण पुढच्याच मार्चमध्ये ल मान्सला सराव करताना त्याचा मृत्यू झाला. या खेळात मरण किती जवळ असते, हे ती माणसे जाणून होती. म्हणूनच ती एकमेकांसाठी थांबत.

हॉपकर्क २१ जुलै २०२२ रोजी वारला. आज आपण सारेच घाईत आहोत. रस्त्यात कुणी पडलेला दिसला, तर या दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्याला अवश्य आठवावे.