उठावदार पॅनेलचे दार : रंध्यापासून संगणकनियंत्रित राउटरपर्यंत

कपाटाच्या दारावरील उठावदार पॅनेलकडे आपण नक्षी म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा उठाव मुळात लाकडाच्या स्वभावावरील उपाय होता. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, कोरड्या हवेत आकसते. म्हणून युरोपातील कारागिरांनी रुंद फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता सैल बसविली. खाच अरुंद, फळी जाड. तेव्हा कडा रंध्याने उतरत्या तासणे भाग पडले आणि मधला भाग आपसूक उंच राहिला. या चौकटकामाचा मान मोठा होता. लंडनमध्ये बांधकामाचे सुतार व जोडकाम करणारे कारागीर यांच्यातील वाद १६३२ मध्ये नगरशासनाला मिटवावा लागला.

संगणकनियंत्रित राउटरचा वंश मात्र सुतारशाळेतला नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी आकड्यांनी वक्र ठरविण्याची पद्धत योजली. पुढे हवाई दलाच्या पैशावर एम.आय.टी.ने १९५२ मध्ये छिद्रित फितीवर चालणारे यंत्र दाखविले. डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात म्हटले आहे की, कारागिराच्या हालचाली नोंदवून त्या यंत्राकडून पुन्हा करवून घेण्याचा पर्यायही तेव्हा उपलब्ध होता. तो मागे पडला, कारण व्यवस्थापनाला कामावरील ताबा कारागिराकडून कार्यालयाकडे न्यावयाचा होता. मोठ्या कारखान्यांबाबत हे पटते. लहान सुतारशाळेत आराखडा काढणारा व यंत्र चालविणारा पुष्कळदा एकच असतो. तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला घाईचे वाटते.

अधिक मूलगामी बदल घडविला तो एम.डी.एफ.ने. लाकडाच्या बारीक तंतूंपासून दाबून केलेल्या या फळीला रेषाच नसतात. त्यामुळे ती रुंदीत विशेष हलत नाही. परिणामी चौकट, खाच, सैल पॅनेल यांची गरज संपली. राउटर एकाच अखंड फळीवर चौकट व पॅनेल यांचा केवळ आभास कोरतो. कारण गेले, रूप उरले.

तथापि यंत्राची मर्यादा कोपऱ्यात उघड होते. गोल फिरणारे पाते आतला काटकोन कापू शकत नाही. तेथे पात्याच्या त्रिज्येइतकी गोलाई उरते. टोकदार पाते कोपऱ्यात शिरता शिरता वर उचलण्याची आज्ञा लिहावी लागते, नाहीतर पुन्हा पटाशीच हाती घ्यावी लागते.