सुतापासून मायक्रॉनपर्यंत

देवगिरीचा किल्ला चढताना मेंढा तोफ लागते. मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके, बुडाखाली खुंटा, त्यामुळे ती वळवता येई. पर्यटक तिच्याजवळ फोटो काढून पुढे सरकतात. पण तोफेच्या नळीत गोळा कधीच घट्ट बसत नसे, तो मुद्दाम सैल ठेवलेला असे. गोळ्यांची गोलाई कमी-जास्त, नळीला काजळी धरलेली. नेमक्या मापाचा गोळा अडकला तर तोफ फुटायची भीती. मग दोन-चार सूत फट राहू द्यायची. दारूचा निम्मा जीव त्या फटीतून वाया गेला तरी चालेल, असा हिशेब.

रायफलीला ही चैन परवडेना. एन्फिल्डच्या नळीचा व्यास 0.577 इंच आणि सुरुवातीच्या गोळीचा 0.568, म्हणजे फट इंचाच्या नऊ हजारांशाची. गोळी खाली सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जून 1857 मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जन्टचे घोडदळ बिथरले, ते मात्र काडतुसापेक्षा आपल्याला दिल्लीवर धाडतील या धास्तीने. जनरल वुडबर्नची इंग्रजी फौज आली आणि शिक्षा झाल्या. आजच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा त्यांचीच खूण. भारतातल्या उन्हाळ्यात एन्फिल्डची गोळी ठासताना अडू लागल्यावर तिचा व्यासही 0.55 इंचावर आणला गेला. माप चुकले होते, हे साहेबानेही अशा रीतीने मान्य केले.

1866 मध्ये त्याच एन्फिल्डची मागून भरायची स्नायडर झाली आणि तिच्यासाठी एडवर्ड बॉक्सरने पातळ पितळी पत्रा गुंडाळून काडतूस बनवले. तीन वर्षांत, 1869 मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. गुंडाळलेला पत्रा मात्र ऐन वेळी दगा देई. 1885 मध्ये सुदानात मार्टिनी-हेन्री रायफली अडकल्या, आणि अखेर पितळाच्या चकतीतून सलग ओढून काढलेली पुंगळी आली.

या पुंगळीने फटीचा प्रश्नच मिटवला. बार उडताच पितळ फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायू अडवते आणि लगेच जरासे आक्रसते, म्हणून रिकामी पुंगळी ओढून काढता येते. पण ती पूर्ववत होत नाही. पुन्हा भरायची तर तिला दाबून मापात आणावे लागते, आणि इथे डायचे काम सुरू होते.

प्रेसच्या खालच्या दांड्यावर शेल होल्डर बसतो, तो पुंगळीची कड पकडतो. वरून पोलादी डाय पेचाने उतरते. रूढ पेच 7/8 इंचाचा, इंचाला 14 आटे. एका फेरीला डाय 1.81 मिलिमीटर सरकते, अष्टमांश फेरीला जेमतेम 0.23. शेल होल्डरला टेकेपर्यंत डाय उतरवायची आणि मग थोडी आणखी खाली फिरवायची, कारण जोर पडला की प्रेसची चौकटही किंचित ताणते. डाय कमी उतरली तर रायफलीचा बोल्ट बंद होत नाही. जास्त उतरली तर पुंगळीचा खांदा मागे जातो, दर बाराला बुडाजवळचे पितळ ताणून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. म्हणून काही जण डाय हलवतच नाहीत. इंचाच्या दोन-दोन हजारांशाने उंची वाढत जाणारे शेल होल्डर बदलून पाहतात. अमेरिकेत पुंगळ्या अशा पुन्हा भरणे हा घरगुती छंद आहे. कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टनने 1943 मध्ये सुरू केलेल्या आरसीबीएस या डाय बनवणाऱ्या कंपनीच्या नावात रॉक चक आहे, खारीच्या कुळातला एक शिकारीचा प्राणी!

वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या प्रेस शॉपमधल्या सेटरला यातले काही नवे वाटणार नाही. डाय-पंच, शिम, दाबल्यावर पत्र्याचे परत उसळणे, हे त्याचे रोजचेच. इथल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मुले हेच शिकून बाहेर पडतात. फरक एवढाच की त्यांच्या डायमधून गाड्यांचे सुटे भाग निघतात. घरी पुंगळ्या दाबण्याची सोय मात्र नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रेही घातली आहेत, आणि परवान्याशिवाय ते बनवणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात हे काम खडकी आणि भुसावळजवळच्या वरणगावला चालते. गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक जरी कमी भरली तर मैदानावर शोधाशोध सुरू होते.